झाडाचं तोंड कुठं असतं?

नाक गळकं, आवाज बसका, पोटाला एक पोचा आणि दांड्याची लाकडी मूठ तडकलेली. मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारा आहे. हसायचं असेल तर हसा, पण आधी गोष्ट पुरती ऐका. मी काही तुम्हाला शहाणपण शिकवायला बसलेलो नाही. मला स्वतःलाच एक गोष्ट जन्मभर कळलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला कळली तर मला येऊन सांगा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

ती गोष्ट अशी, की झाड जेवतं कुठून? पानातून की मुळातून? त्याचं तोंड असतं तरी कुठं?

तुम्ही म्हणाल, पुस्तकात दिलंय की. असेल बाबा. मी पुस्तक वाचलेलं नाही. माझ्या पोटात पाणी, अक्षर कसं टिकणार?

मला घडवलं एका तांबटानं. त्याच्या दुकानात दिवसभर अशी ठोकाठोक चालायची की त्याला ऐकायला कमी यायचं, आणि बायको जेवायला हाक मारायच्या ऐवजी पाठीत चापट घालायची. त्यानं पितळेचा पत्रा वाकवून माझं पोट केलं, सांध्यांना डाग दिला, पुढं बारीक भोकाचं नाक बसवलं. पोटात एक दांडा घातला आणि दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर. हा वायसर म्हणजे माझा जीव. तेल पिऊन मऊ राहिला की हवा धरतो, आणि मग मी असा काही फवारा सोडतो की धुकं पडल्यासारखं वाटावं. वाळला की मी नुसता सुस्कारे टाकतो. वायसराची आठवण ठेवा, पुढं लागणार आहे.

"किडे, मावा, काय असेल ते मारा ह्यानं," विकताना तांबट म्हणाला. "एका दमात पळतील!"

माझी छाती फुगली. आपण शिपाईगडी, लढायला निघालो, असंच मी धरून चाललो.

मला घेतलं माळीबुवांनी. त्यांची छोटी रोपवाटिका होती. घराला लागूनच अंगण, अंगणात कुंड्यांच्या रांगा, नाजूक रोपांसाठी हिरव्या जाळीचा मांडव आणि बरोबर मधोमध अनंताचं झाड. जाड पांढऱ्या पाकळ्यांचा, वासानं आख्खं अंगण भरून टाकणारा तो अनंत. माळीबुवांनी लग्न झालं त्या वर्षी लावलेला. विकायची सगळी अनंताची रोपं त्याच्याच फांद्यांपासून व्हायची, त्यामुळे त्याचा मान मोठा.

पहिल्याच दिवशी माझ्या पोटात औषध पडलं नाही. पडलं ते खताचं पातळ पाणी. आणि बुवांनी ते अनंताच्या पानांवर मारलं. वर म्हणतात काय, "घे बाळा, चाट."

मी चक्रावलो. किडा दिसेना, मुंगी दिसेना. मारायचं तरी कुणाला?

कोपऱ्यात एक पत्र्याची झारी बसलेली होती. जाडजूड, सोंड लांब, आणि स्वभाव त्याहून लांब. ती मला बघून फिसकन हसली.

"अरे येड्या, तू लढायला नाही आलास. भरवायला आलायस. आणि तेही उगाचच. झाड जेवतं मुळानं, ते काम माझं. तू म्हणजे जेवून झाल्यावर तोंड पुसायचा रुमाल!"

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो आजवर निघालेला नाही. दुसऱ्यांचे किडे मारायला आलो, आणि स्वतःच्या डोक्यातला राहूनच गेला.

माळीबुवांकडून कळावं, तर ते रोज वेगळं बोलायचे. बोलायचे तेही स्वतःशीच. झारी हातात असली की आळ्यात वाकून म्हणायचे, "तोंड मातीत आहे ह्याचं. सावकाश पाज." मी हातात असलो की पान उलटं करून त्याच्या पोटाकडून फवारायचे आणि म्हणायचे, "इथं हजार तोंडं आहेत, दिसत नाहीत एवढंच." मी मनात म्हणायचो, अहो बुवा, एक काय ते ठरवा! माणसाला एकच तोंड, तरी घरात केवढा गोंधळ असतो. हजार तोंडं असली तर ह्या झाडाचं व्हायचं कसं?

ते काही असो, दिवस मात्र सुखाचे होते. ऊन चढायच्या आत काम व्हायचं. काम झालं की बुवा मला आत-बाहेर धुवायचे, वायसराला तेलाचं बोट लावायचे आणि उलटं करून खिळ्याला टांगायचे, म्हणजे शेवटचा थेंबही निथळावा. त्यांची बायको, पुढं जिला सगळे म्हातारी म्हणायला लागले ती, आत बसून माझा आवाज ऐकायची. हवा भरण्याचा सूं-सूं थांबला की चहाचं आधण ठेवायची. बुवा म्हणायचे, "तुला घड्याळ कशाला पाहिजे? हा पंप आहे की." लोक रोपं न्यायला आले की मला हातात घेऊन बघायचे. म्हणायचे, वा, काय चकाकतोय! झारी तोंड फिरवायची.

मग एक दिवस माळीबुवा गेले. गेले म्हणजे कुठं गेले, ते मला पुष्कळ दिवस कळलंच नाही. मी खिळ्याला उलटा, वाट बघत. आज येतील, उद्या येतील. अंगावर धूळ बसली. एका कोळ्यानं माझ्या नाकापासून भिंतीपर्यंत जाळं विणलं. वायसर वाळून कडक झाला. मला वाटायचं, मी काही चुकलो का? रुसले का माझ्यावर? कुणीतरी एकदा सांगायचं तरी. पण फवाऱ्याला कोण सांगणार?

रोपवाटिका आता दोन सुना बघत होत्या. थोरली आणि धाकटी. दोघींचे नवरे बाहेर कामाला. थोरलीचा टेम्पो चालवायचा, धाकटीचा कारखान्यात. रोपांवरून बायकांचं काही बिनसलं की दोघे भाऊ असे गप्प बसायचे की विचारू नका. जेवताना एक वरणाकडे बघायचा, दुसरा भाताकडे.

थोरली माळीबुवांच्या हाताखाली शिकलेली. रुंद खांदे, मोठा आवाज, मन त्याहून मोठं. ती झारीवाली. धाकटी मागाहून आलेली, किडकिडीत, चटपटीत. लग्नाआधी तिनं रोपवाटिकेचा एक वर्ग केला होता. तिनंच मला खिळ्यावरून काढलं, जाळं पुसलं, वायसराला तेल पाजलं. पहिला दम घेतला तेव्हा मला रडूच फुटलं. ती समजली, गळतोय. तिनं चाकीनं नाक आवळलं.

दोघींचं मेतकूट जमलं होतं. थोरली म्हणायची, "अगं ए काटकुळे, वाऱ्यानं उडशील, एक कुंडी उचलून धर." धाकटी म्हणायची, "ताई, तुम्ही शिंकलात की माझी रोपं आडवी होतात, जरा तिकडं तोंड करा." म्हातारीला आता दिसत नव्हतं धड. उजेड-अंधार कळायचा तेवढाच. अनंताच्या वासावरून ती ऋतू ओळखायची. तिला तिथं बसता यावं म्हणून दोघींनी मिळून झाडाभोवती सिमेंटचा गोल ओटा बांधून घेतला. गवंडी आला, ओटा झाला, म्हातारी पाठ टेकून बसायला लागली. म्हणाली, "राणीसारखं वाटतंय गं."

आणि तिथून सगळं बिघडलं.

अनंताची नवी पानं पिवळी यायला लागली. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक, नवी रोगट. कळ्या धरायच्या आणि मुगाएवढ्या असतानाच टपटप गळायच्या.

"भुकेलंय," थोरली म्हणाली. "मुळाला खत कमी पडतंय. झारी वाढवते."

"ताई, खत भरपूर आहे मातीत. मुळाला ते उचलता येत नसेल. हिराकस पाण्यात घालून पानावर मारू या. लोखंडाचंच मीठ ते, पानातून लगेच लागतं."

"पानातून? तू काय कानातून जेवतेस?"

"सलाईन लावतात ती काय तोंडातून लावतात?"

थोरलीनं झारी आपटली. उत्तर सुचलं नाही की तिला राग यायचा.

"मी ह्या घरात आले तेव्हा तू पाटीवर रेघोट्या मारत होतीस. मामंजींनी हे झाड माझ्या हातात दिलंय."

"दिलं तेव्हा हिरवं होतं ना?"

मित्रांनो, शब्द म्हणजे माझ्या फवाऱ्यासारखा. एकदा नाकातून सुटला की परत पोटात घेता येत नाही. धाकटीला ते बोलल्याबरोबर कळलं. पण थोरलीचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे मी मारतेय झाडाला?"

"मी तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलंस. ठीक आहे. हे झाड वाळलं ना, तर अंगणाच्या मधून भिंत घालू. तुझी रोपं तिकडं, माझी इकडं. चूलसुद्धा वेगळी."

"चालेल, जाऊबाई."

रोजची 'ताई' होती तिची 'जाऊबाई' झाली. तिथंच मी ओळखलं, आता हे प्रकरण नाक आवळून थांबणारं नाही.

"काय गं, काय झालं?" ओट्यावरून म्हातारीनं विचारलं.

"काही नाही आई, खताचं बोलतोय," दोघी एकदम म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं एकमत झालेलं तेवढंच.

झाड वाचलं तर घर एक, वाळलं तर दोन. आणि झाड कुठून जेवतं, हेच धड कुणाला ठाऊक नाही! मला तर वाटायचं, सगळं माझ्याच नाकावर येऊन ठेपलंय.

मग वाटण्या झाल्या. मी धाकटीचा, झारी थोरलीची. धाकटी सकाळी ऊन चढायच्या आत मला घेऊन पानांवर हिराकस मारायची, अगदी पातळ, मोजून. थोरली संध्याकाळी झारीनं आळ्यात खताचं पाणी घालायची. आधी पानांवर हिरवे ठिपके उमटले. मी फुशारलो. झारीला म्हटलं, "बघ, रुमाल कसा जेवू घालतोय!" पण पुढची नवी पानं आली ती पुन्हा पिवळीच. झारी म्हणाली, "बघ, चाटून पोट भरतं का कुठं?" पण तिचं खतही मातीत पडून नुसतं जायचं कुठं, ते तिलाही कळेना.

आणि मग तो दुपारचा प्रकार झाला.

धाकटी रोज दुपारी टेम्पोबरोबर रोपं पोचवायला जायची, तशी गेली होती. म्हातारी ओट्यावर पेंगत होती. माझ्या मुठीवर एक हात पडला. मोठा, गरम, घट्ट. हा हात धाकटीचा नव्हे. मला वाटलं, चोर आला! ओरडणार होतो, पण पोटात हवा नव्हती.

चोर नव्हता. थोरली होती.

तिनं माझ्या पोटात पाणी भरलं आणि डब्यातलं हिराकस घातलं, ते मुठीनं. आणि झाडाजवळ जाऊन पुटपुटली, "तुझं तोंड वर असेल तर वरून खा बाबा. ती म्हणते तर असेलही. शिकलीय ती. पण तिला सांगू नकोस." आणि भर उन्हात, धपाधपा दांडा मारत तिनं पानं चिंब केली. नंतर मला न धुता, न निथळवता परत खिळ्याला अडकवलं आणि लगबगीनं आत गेली.

मी पार गोंधळलो. जी बाई पानाचं नाव काढलं की चिडते, ती पानालाच भरवते? मला माणसं कळत नाहीत की झाडं, हेच कळेना. संध्याकाळी मी झारीला सगळं सांगितलं. वाटलं, ती खूष होईल, नाहीतर रडेल तरी. तिनं सोंड माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "तुला म्हणून सांगते. सकाळी थोरली उठायच्या आत माझ्या दांड्याला कोण असतं ठाऊक आहे? धाकटी. गळ्यापर्यंत खत भरते. म्हणते, ताईंचा हात जुना आहे, त्यांचंच खरं असेल, पण त्यांना कळू देऊ नकोस."

घ्या! दोघी आपापला पक्ष सोडून दुसरीच्या पक्षात गेलेल्या, आणि तोंड दाखवायला पहिल्या पक्षातही हजर! पान दोनदा, मूळ दोनदा. आम्हाला सगळं ठाऊक, आणि आम्हाला बोलता येत नाही. झारी आणि मी एकमेकांकडे बघत बसायचो. तिची-माझी भांडणं त्या दिवसांत बंद पडली. भांडायचं कशावरून? कोण कुणाच्या बाजूचं, हेच ठरेना.

अनंताचं काय झालं असेल, सांगायला नको. पानांच्या कडा करपल्या. वर काळे डाग पडले. पान गळलं की थोरलीला वाटायचं, वरून कमी पडलं, ती अजून एक मूठ घालायची. धाकटीला वाटायचं, खालून कमी पडलं, ती अजून एक झारी ओतायची. दोघी झाडासाठी जीव टाकत होत्या हो. तेच त्याला झेपत नव्हतं. माझंही काही बरं नव्हतं. धाकटी सकाळी धुऊन ठेवायची, पण दुपारपासून हिराकस पोटात तसंच राहायचं. त्यानं नाक खाल्लं, वायसर पोखरला. धाकटी म्हणायची, "हा हल्ली एवढा का गळतोय?" काय सांगणार तिला?

एके सकाळी म्हातारीनं नेहमीसारखा हात वर करून फांदी चाचपली. मूठभर पानं तिच्या ओंजळीत उतरली. तिनं ती चुरली, हुंगली. पदराच्या टोकात बांधून ठेवली. पण थोरलीनं ते पाहिलं आणि पाठ फिरवून टेम्पोवाल्या नवऱ्याला सांगितलं, "गवंड्याला बोलवा. भिंतीचं माप घ्यायला."

गवंडी आला. ओटा बांधणाराच. हातात दोरीचं बंडल, कानावर पेन्सिल. थोरली एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. दोघींचे डोळे सुजलेले, आणि दोघी म्हणतात, धूळ गेली.

"खुंटी कुठं ठोकू?" गवंड्यानं विचारलं.

"ओट्यापासूनच सुरू करा," थोरली म्हणाली.

"कसली खुंटी गं?" म्हातारीनं विचारलं.

थोरली दोरीकडे बघायला लागली. शेवटी धाकटी म्हणाली, "आई, मधून भिंत घालतोय. झाडाला कुठून द्यायचं, ते आमचं दोघींचं जुळत नाही."

"जुळत नाही?" म्हातारी खरोखरच गोंधळली. "मग दोघी रोज दोन्ही कशा देता?"

"दोन्ही?"

"अगं, सकाळी पंप वाजतो तो सू-सू-सू, उंदरानं शिंकावं तसा. ती तू. दुपारी वाजतो तो सूंऽऽ धप्प, सूंऽऽ धप्प. ती ही थोरली. पहाटे झारी टेकते हळूच, ती तू. संध्याकाळी आपटते, ती ही. पंपाचा आवाज मला कळत नाही होय? जन्म गेला त्याच्यावर चहा ठेवण्यात."

गवंड्याच्या हातातलं दोरीचं बंडल खाली पडलं.

"तुम्ही बोलला का नाहीत, आई?" थोरलीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला.

"मला वाटलं, तुमचं ठरलंय! म्हटलं वेळा वाटून घेतल्या असतील. मला काय स्वप्न पडणार?"

धाकटीनं थोरलीकडे बघितलं. "तुम्ही पंप मारत होतात? दुपारी? उन्हात?"

"तू म्हणाली होतीस ना, पानातून लागतं. आणि तू झारी? तीही पहाटे?"

"तुम्ही म्हणत होतात, मुळाला कमी पडतंय."

"किती घालत होतीस?"

"गळ्यापर्यंत. तुम्ही हिराकस किती?"

"मूठभर."

"मूठभर! ताई, चिमूटभर घालायचं असतं हो! तुमची मूठ म्हणजे आमचं घमेलं!"

आधी हसलं कोण, ते मला दिसलं नाही. मी उलटा टांगलेला. पण हसता हसता दोघी रडायला लागल्या, हे नक्की, आणि हसणं कुठं संपलं नि रडणं कुठून सुरू झालं, हा अजून एक गोंधळ. गवंडी बिचारा खुंटी धरून उभा. काहीतरी करायला हवं म्हणून त्यानं ती ओट्याच्या आतल्या मातीत ठोकली. ठण्ण आवाज आला.

"दगड आहे," तो म्हणाला. माती उकरली. दगड नव्हता. मुळांभोवती राखाडी, टणक पापडी बसली होती.

गवंड्यानं पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "हे माझंच," तो म्हणाला. "ओटा बांधताना घमेली न् थापी इथंच धुतली. रोज. म्हटलं, पाणी वाया कशाला घालवा, तेवढंच झाडाच्या पोटात."

म्हणजे तोही भरवतच होता! सगळं घर भरवत होतं, गवंड्यासकट.

धाकटीनं ती माती हातात चोळली. मग तिनं सांगितलं ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. अनंताला आंबट माती लागते. सिमेंटच्या पाण्यानं ती चुन्यासारखी झाली. मग खतातलं आणि मातीतलं लोखंड तिथंच पडून, पण मुळाला ते उचलता येईना. ताट वाढलेलं, आणि तोंड लिंपलेलं. म्हणून पानावरचा फवारा तेवढा थोडासा लागला, पण नवी पानं पुन्हा उपाशी. थोरली म्हणत होती की रोग मुळाशी आहे, ते खरं. धाकटी म्हणत होती की मुळाला उचलता येत नाही, पानातून द्या, तेही खरं. आणि दोघींनी दोन्ही मिळून दिलं, ते मात्र चुकलं. मला सांगा, दोन खऱ्यांची बेरीज चूक कशी होते? मी अजून विचार करतोय.

भिंत घालायची राहूनच गेली. गवंड्यानं स्वतः बसून पापडी काढली, दोघींनी हातानं मुळं मोकळी केली. पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी सावकाश सोडून माती धुतली. आणि मग सगळ्यात अवघड काम केलं. काहीच दिलं नाही. थोरलीचा हात सारखा झारीकडे जायचा. धाकटी म्हणायची, "ताई, हात मागं." धाकटी माझ्याकडे बघायची, की थोरली म्हणायची, "ए काटकुळे, डोळे तिकडं." म्हातारी ओट्यावर बसून दोघींवर पहारा करायची, कानांनी.

झाड काठीसारखं उभं होतं. आहे की गेलं, कुणाला कळेना. थोरलीनं एकदा नखानं फांदी खरवडली. आत हिरवं होतं. ती तिथंच ओट्यावर बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. थोडी पानं फुटल्यावर मग सकाळच्या वेळी चिमूटभर हिराकस माझ्याकडून, आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत मुळाशी. दर वेळी एक देणार, दुसरी बघणार.

आणि एका सकाळी म्हातारीनं चहाची कपबशी खाली ठेवली, मान वर केली आणि म्हणाली, "कुठंतरी एक उमललंय. शोधा."

खरंच उमललं होतं. मागच्या बाजूला, एकच. झारी लगेच म्हणाली, माझं. मी म्हटलं, माझं. मग दोघंही गप्प बसलो, कारण खात्री कुणालाच नव्हती.

आता मी थकलोय. नाक बदललं तरी गळतं. नवा प्लास्टिकचा फवारा आला आहे, हलका, पिवळाधमक, बडबड्या. माझ्यात आता फक्त साधं पाणी भरतात, पानांवरची धूळ धुवायला. ते पाणी झाड पितं की नुसती अंघोळ करतं, कोण जाणे. पण धाकटी मला अजून धुते आणि थोरली वायसराला तेलाचं बोट लावते. माझी टांगायची कडी तुटली, तेव्हा गवंड्यानं भिंतीसाठी आणलेली दोरी पडून होती, तिचाच फास करून मला टांगलंय. भिंत झाली असती, तर मी कुठल्या बाजूला टांगलेला असतो, हा विचार मनात आला की पितळ गार पडतं.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर काम झाल्यावर त्याला धुवा आणि निथळू द्या. खत पोटात तसंच ठेवलं तर भरवणाऱ्यालाही खातं. आणि झाड असो, माणूस असो, कुणाच्या तोंडी काही घालण्याआधी एवढं विचारा, की आधी कुणी घातलंय का.

आमच्या अंगणात आता रोज सकाळी हाक ऐकू येते. "ताई, पानाचं झालं हो! तुम्ही नका मारू!" आणि मांडवातून मोठ्या आवाजात उत्तर येतं, "बरं गं काटकुळे! मुळाचं मी उद्या बघते!" ओट्यावरून म्हातारी म्हणते, "ऐकलं मी. दोघींचं ऐकलं."

झाडाचं तोंड कुठं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. माणसाचं कुठं असतं ते मात्र कळलं. ते वेळेवर उघडलं असतं, तर माझं नाक एवढं गळलं नसतं.